एकदा नको म्हटल्यावर

अकराव्या दिवशी अमेरिकेतल्या खुर्च्यांनी ताओ यीनानला बसू देणं बंद केलं. ती बसायला गेली की खुर्ची वीतभर बाजूला सरकायची. रागाने नव्हे, आवाजही न करता. अरुंद जिन्यात समोरून कुणी आलं की सभ्य माणूस अंग चोरून वाट देतो, तशी. दुसऱ्या खुर्चीकडे वळावं तर तीही तेच करायची. बसथांब्यावरचं बाकडं सिमेंटमध्ये पुरलेलं होतं, त्याला सरकता येईना. ते मागच्या काचेला टेकून सपाट झालं आणि यीनान धप्पकन खाली आपटली.

यीनान तेवीस वर्षांची होती. चीनमधल्या शाओशिंग नावाच्या, कालव्यांनी भरलेल्या शहरातून ती ओहायो राज्यातल्या एका मध्यम गावात आली होती, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला. दिवसभर उभं राहून अनोळखी माणसांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे घासायचे आणि घरी येऊन पुन्हा उभंच राहायचं. पोटऱ्यांचे दगड झाले तेव्हा तिने घरमालकिणीच्या कानावर घातलं.

डोरीन कॅसिडी ही साठीची, एकटी राहणारी बाई. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून शब्दकोडं सोडवत होती. तिने मान वर केली नाही.

"खुर्च्या मला बसू देत नाहीत," यीनान म्हणाली.

"तूच नको म्हणालीस."

"कधी?"

"आलीस त्या दिवशी. मी म्हटलं बस. तू म्हणालीस नको."

हे खरं होतं. पहिल्या दिवशी यीनान दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली तेव्हा डोरीनने खुर्ची पुढे केली होती आणि यीनान दोन्ही हात हलवत म्हणाली होती, "नको, नको, मी उभीच बरी आहे." शाओशिंगमध्ये यावर समोरच्या बाईने "अगं बस गं" म्हणायचं असतं. मग पाहुणीने "खरंच नको" म्हणायचं. मग बाईने तिसऱ्यांदा म्हणायचं, जवळजवळ रागावून, आणि मग पाहुणीने "तुम्ही पण ना" असं पुटपुटत टेकायचं. यात कुणी खोटं बोलत नसतं. पहिल्या शब्दाला बसणाऱ्या मुलीला तिथे हावरट म्हणतात. डोरीन म्हणाली, "ठीक आहे," स्वतः त्याच खुर्चीत बसली आणि दीड तास तिने घराचे नियम सांगितले. यीनान दीड तास उभी. तिला वाटत होतं, आता म्हणेल, मग म्हणेल.

आपल्याला याचं नवल वाटायचं कारण नाही. पानावर दोन्ही हात आडवे धरणाऱ्यालाच जिलबी जास्त वाढायची, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. बोटांच्या फटीतून तूप सोडणारी माणसं आपण. पण ओहायोत असा वाढपी आणायचा कुठून? तिथे माणसाच्या तोंडून शब्द निघाला की तो खरा. ऐकायला किती चांगलं वाटतं. राहून बघा म्हणावं.

"आता पुन्हा विचारा ना मला," यीनान म्हणाली.

"छे, छे. तू स्पष्ट सांगितल्यावर तुला परत विचारणं म्हणजे तुझा अपमान," डोरीन म्हणाली. ती मनाने चांगली बाई होती, हीच मोठी पंचाईत.

खुर्च्यांवर भागलं असतं तर यीनानने सोसलं असतं. पण पहिल्या अकरा दिवसांत ती कशाकशाला नको म्हणाली होती ते तिलाही आठवत नव्हतं, आणि वस्तूंना मात्र सगळं आठवत होतं. लॅबचे मालक गॅरेट यांनी तिला कॉफी विचारली होती. बाराव्या दिवसापासून कॉफी तिच्या कपात पडेना. किटलीच्या तोंडाशी येऊन लोंबकळत राहायची, कप बाजूला घेतला की खाली ओट्यावर सांडायची आणि ओटा पुसायचं काम यीनानच्या गळ्यात. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीने एकदा गाडीतून घरी सोडू का म्हणून विचारलं होतं. मग गाड्यांना यीनानच्या बाजूने दारंच उरली नाहीत. नुसता गुळगुळीत पत्रा. दुसऱ्या बाजूने जावं तर दारं उडी मारून पहिल्या बाजूला जात. ती सकाळ-संध्याकाळ सहा किलोमीटर चालू लागली, आणि रस्त्याला फुटपाथ नव्हता, कारण त्या गावात कुणी चालतच नव्हतं.

बसण्यापुरती तिने एक युक्ती काढली. जे कुणी तिला कधी देऊ केलं नव्हतं, त्याला तिच्याशी काही वैर नव्हतं. लॅबमध्ये प्लास्टरची एक रिकामी बादली होती. ती उलटी घातली की बसता यायचं. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी गॅरेट तिथून जाताना थांबले. मोठ्या मनाचा माणूस. म्हणाले, "तुला ती बादली हवी तर घरी घेऊन जा, यीनान."

"नको, नको, कशाला," यीनानच्या तोंडून निघून गेलं आणि बादली तिच्याखालून निघाली ती खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली.

यीनान फरशीवर बसून राहिली. गॅरेट म्हणाले, "ठीक आहे," आणि निघून गेले. जबड्यांच्या साच्यांची अख्खी फळी तोंड वासून तिच्याकडे बघत होती. तिला त्यांचाही राग आला.

खोलीची गोष्ट सगळ्यांत वाईट. डोरीनने एकदा दारातून विचारलं होतं, "हवा कोंडलीये, खिडकी उघडू का?" यीनान म्हणाली होती, "नको, तुम्ही कशाला त्रास घेता." दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या जागी भिंत होती. वॉलपेपरची फुलंसुद्धा एकाला एक नीट जुळवलेली. आणि मग डोरीनने विचारलं होतं, "ही खोली लहान पडते का तुला? पलीकडची मोठी रिकामीच आहे." यीनान म्हणाली होती, "नाही हो, ही मला पुष्कळ झाली." खोलीने ते मनावर घेतलं. रोज चार बोटं आत सरकू लागली. महिना संपता संपता पलंगावरून उतरायचं तर आधी दार उघडून पाय बाहेर टाकावे लागत.

यीनानला स्वतःपुरती फिकीर नव्हती. पण पुढच्या महिन्याच्या एकोणीस तारखेला, गुरुवारी, तिची आई यायची होती. पाहुणी म्हणून नव्हे, कायमची. वडील चार वर्षांपूर्वी गेले. शाओशिंगमधली त्यांची गल्ली नव्या रस्त्यासाठी पाडायला घेतली होती, आईने घराची किल्ली देऊन टाकली होती आणि सध्या ती गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या छनबाईंच्या घरी दिवस काढत होती. त्याच महिनाअखेर छनबाईंचंही घर जाणार होतं. म्हणजे आईला आता जगात एकच जागा होती आणि ती जागा रोज चार बोटं कमी होत होती.

आईचं नाव छ्यू आयझेन. नको म्हणण्यात तिचा हात धरणारं कुणी अख्ख्या गल्लीत नव्हतं. यीनानने चीन सोडण्यापूर्वी "तू पण चल" म्हणून तिला सात वेळा विचारलं, आणि सात वेळा आई म्हणाली, "मी कशाला, तुला अडचण." आठव्यांदा ती "बघू" म्हणाली. आईच्या तोंडी "बघू" म्हणजे ठरलं, शिक्कामोर्तब. तशी बाई इथे उतरली तर तिला श्वास घ्यायला तरी काय उरेल, या विचाराने यीनानचं डोकं उठलं.

गावात एक चिनी किराणा दुकान होतं. मालक लुओकाका, वय सत्तर, इथे येऊन चौतीस वर्षं झालेली. यीनान त्यांच्याकडे गेली तेव्हा ते तांदळाच्या पोत्यावर बसले होते. अंगात कोट नव्हता, दुकानात खुर्ची नव्हती, खिडकी नव्हती, आणि वरच्या दिव्याचा उजेड त्यांच्यापर्यंत येऊन डोक्याच्या जरा वर थांबत होता.

"पोतं कुणी देऊ केलं नव्हतं वाटतं," यीनान म्हणाली.

"अजून तरी नाही," लुओकाका म्हणाले. "सुकी आलुबुखारं खाणार?"

"नको, नको."

"अगं खा."

"खरंच नको, काका."

"खा म्हणतो ना."

यीनानने दोन आलुबुखारं घेतली. अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या हातात आलेली वस्तू तिच्या हातात राहिली. तिला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला.

"हो म्हणायला शिक," लुओकाका म्हणाले. "जे गेलं ते परत येतं. फक्त नव्या माणसाने विचारायला हवं. जुनं माणूस इथे दुसऱ्यांदा विचारत नाही."

"मग तुम्ही का नाही शिकलात?"

"दुकानात कुणीतरी तीनदा विचारणारं लागतं." त्यांनी पोत्यातून सांडलेले तांदूळ वेचले. "जे शिकतात ते नंतर इकडे फारसे येत नाहीत."

यीनानने त्या शेवटच्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. तिच्या हाताशी सव्वीस दिवस होते.

दुसऱ्या दिवशी ती गावातल्या वाचनालयात गेली आणि खुर्च्यांच्या रांगेपाशी, जमेल तितका थकलेला चेहरा करून उभी राहिली. वाचनालयातली बाई तीन वेळा शेजारून गेली. चौथ्या वेळी तिने विचारलं, "बसणार का?"

यीनानच्या घशात नको तयारच होता. जन्मल्यापासून तो तिथे पहिल्या नंबरावर उभा. तिने त्याला मागे ढकललं आणि "हो" म्हटलं. तो शब्द इतका उघडावाघडा निघाला की तिची कानशिलं तापली. वाटलं, भर वाचनालयात आपण कुणाच्या तरी ताटातला घास उचलला. पण खुर्ची जागची हलली नाही. यीनान बसली. तिने इतका मोठा श्वास सोडला की बाईने ओठांवर बोट ठेवलं.

मग तिला नादच लागला. रस्त्याच्या कडेला लंगडत चालली तेव्हा एका म्हाताऱ्याने गाडी थांबवली, आणि "हो" म्हणताच पत्र्यातून दार उमटलं. कॉफीसाठी ती एका चर्चच्या तळघरात जाऊन उभी राहिली. तिथे सगळ्यांनाच कॉफी विचारतात, तुम्ही कोण वगैरे चौकशा नाहीत. खिडकीची मात्र पंचाईत होती. खिडकी हवी का असं माणसाला कोण विचारणार? पण देव पावला. एका शनिवारी सकाळी दारावर विक्रेता आला, गळ्यात टाय, हातात कागद, आणि तोंडभर हसून त्याने विचारलं, "तुम्हाला नव्या खिडक्यांमध्ये रस आहे का?"

"हो," यीनान इतक्या जोरात म्हणाली की तो दोन पायऱ्या मागे गेला. वर जाऊन बघते तो खिडकी जागेवर, आणि बाहेर मेपलचं झाड.

राहिली खोली. त्यासाठी डोरीनची बहीण धावून आली, म्हणजे ती आपली रविवारी जेवायला आली होती. तिला घर दाखवताना डोरीनने यीनानच्या खोलीचं दार उघडलं. यीनान आत बसूच शकत नव्हती म्हणून उभ्याने पुस्तक वाचत होती. बहीण म्हणाली, "अगं, तुझी आई येणार ना? मग पलीकडची मोठी खोली का नाही घेत?"

"हो, घेते," यीनान म्हणाली.

"मी विचारलं होतं तिला," डोरीन म्हणाली. "नको म्हणाली होती."

"आता हो म्हणाली."

"ठीक आहे," डोरीन म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी तिने मोठ्या खोलीत दोन पलंग मांडून दिले. तिच्या मनात काहीच नव्हतं. कधीच नव्हतं. यीनानला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि तिचं ते शब्दकोडं फाडावंसंही वाटलं.

आईच्या येण्याला नऊ दिवस उरले असताना यीनान लुओकाकांकडे आभार मानायला गेली. जाताना तीळ लावलेले गोड बन घेऊन गेली, स्वतः भाजलेले. सतरा दिवसांत ती तिकडे फिरकली नव्हती.

"काका, बन घ्या," ती म्हणाली.

"नको, नको, तूच खा," लुओकाका म्हणाले.

"बरं," यीनान म्हणाली.

लुओकाकांचा हात डब्याच्या दिशेने निघालेलाच होता. तो वाटेत थांबला. डब्यातले बन त्यांच्या बाजूने मागे सरकले आणि एकमेकांना चिकटून कोपऱ्यात जाऊन बसले. यीनानने तोंड उघडलं. दुसऱ्यांदा काय म्हणायचं असतं ते तिला स्वच्छ आठवत होतं, "अहो घ्या हो" एवढेच शब्द, लहान मूलसुद्धा म्हणेल. पण ते घशापर्यंत येऊन पायरी नसलेल्या ठिकाणी पाय टाकावा तसे कोसळत होते. तिने चारदा प्रयत्न केला. चारही वेळा तोंडातून "बरं" आलं.

"होतं असं," लुओकाका म्हणाले. "सगळ्यांचंच होतं. हो म्हणणं आणि आग्रह, दोन्ही एका तोंडात मावत नाहीत."

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं."

यीनान तांदळाच्या पोत्याला पाठ लावून खाली बसली. मग तिला सुचलं, आणि सुचताच ती उठून उभी राहिली. "काका, माझी आई येतेय. ती नको म्हणेल, आणि मला तर आता पुन्हा विचारता येत नाही. तुम्ही माझ्याबरोबर विमानतळावर या. तुम्ही विचारा तिला. याल ना?"

"नको गं, मी कशाला मध्ये," लुओकाका म्हणाले. सवयीने म्हणाले. म्हणताना त्यांचे डोळे मोठे झाले.

"बरं," यीनान म्हणाली.

यीनानला सोडायला आलेल्या म्हाताऱ्याच्या, बाहेर थांबलेल्या गाडीची लुओकाकांच्या बाजूची काचसुद्धा मिटली. यीनानने कपाळावर हात मारून घेतला, मग आणखी एकदा मारून घेतला. एकाला नको सोडवेना, दुसरीला बरं सोडवेना, आणि दोघंही चांगली माणसं. लुओकाकांनी मान खाली घातली आणि रिकाम्या बरण्या पुसायला घेतल्या.

उरला एकच उपाय, आईलाच हो म्हणायला शिकवायचं. यीनान रोज सकाळी सात वाजता आईला फोन लावू लागली. तिकडे तेव्हा संध्याकाळ असायची. पडद्यावर छनबाईंचं स्वयंपाकघर आणि त्यात आई, भाजी निवडत. प्रश्न लटक्या विमानातल्या बाईचा असला की यीनानला तो पुन्हा विचारताही यायचा.

"आई, समज मी विमानातली बाई आहे. पाणी हवंय का?"

"नको, तुम्हीच प्या."

"विमानातली बाई कशाला पिईल? आई, हो म्हण."

"तिला काय वाटेल? आल्या आल्या मागतेय."

"तिला काहीच वाटत नाही. इथे कुणालाच काही वाटत नाही. पुन्हा. पाणी हवंय का?"

"तुम्हाला त्रास नसेल तर."

"आई!"

"अगं, ओरडतेस काय? मी म्हातारी झाले, मला वेळ लागणार."

तीन दिवस पालथ्या घड्यावर पाणी. यीनानचा घसा बसला. चौथ्या दिवशी मात्र आईच्या डोक्यात प्रकाश पडला आणि मग तिला आवरणं मुश्कील झालं. पाणी? हो. ब्लँकेट? हो. खिडकीजवळची जागा? हो. छनबाईंनी सहज विचारलं, आमचा पिंजऱ्यातला पक्षी न्याल का, तर हो. तो पक्षी मग दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारावा लागला.

"सोपं आहे की," आई म्हणाली. "परक्या माणसाला हो म्हणायला काय लागतं? त्याच्या मनात आपण वाईट दिसलो तर दिसलो."

"मलाही हो म्हणायचं."

"तू काय परकी आहेस?"

यीनानने फोन ठेवला. तिने त्यावर दोन दिवस विचार केला आणि ठरवलं, आईला काही विचारायचंच नाही. प्रश्नच नसेल तर नको कुठून येईल? ऊठ, चल, बस, जेव, झोप. हुकूम सोडायचे. हवालदारासारखं वागायचं. घरी पोचून मोठ्या खोलीतल्या पलंगावर आई एकदा झोपली की पुढचं पुढे.

गुरुवारी दुपारी ती विमानतळावर पोचली. प्रवासी बाहेर येतात तिथे काचेचं एक दार होतं, आतून बाहेर येणाऱ्यांसाठीच उघडणारं. यीनान कठड्याला धरून उभी राहिली. माणसं येत होती, बॅगा ओढत, फोनवर बोलत. तासाभराने दार उघडलं आणि आई आली.

ती चाकांच्या खुर्चीत बसून आली, कारण कुणीतरी विचारलं होतं. तिच्या मांडीवर तीन ब्लँकेटं, बर्फाने भरलेला एक मोठा कप आणि चार वर्तमानपत्रं होती. खुर्चीच्या दांडीला कुणाच्या तरी बाळाच्या जन्माचा निळा फुगा बांधला होता. छातीवर कसल्याशा धावण्याच्या शर्यतीचा नंबर टाचलेला होता, ४१७. ढकलणारी मुलगी यीनानला म्हणाली, "फार गोड आहेत तुमच्या आई. कशालाच नाही म्हणत नाहीत," आणि निघून गेली.

यीनान पोट धरून हसली. कित्येक आठवड्यांत ती अशी हसली नव्हती. आई पण हसली, ब्लँकेटांच्या ढिगाआडून.

"बघितलंस?" आई म्हणाली. "पैकीच्या पैकी."

यीनान गुडघ्यांवर बसली आणि तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. ब्लँकेटांना विमानाचा वास येत होता, पण त्याखाली आईच होती. आईने तिच्या केसांवरून हात फिरवला. "वाळलीस," ती म्हणाली. "जेवतेस की नाही?"

"जेवते. चल आता. बाहेर गाडी आहे. घरी जायचंय," यीनान म्हणाली. तिन्ही वाक्यं हुकमाची. एकही प्रश्न नाही.

आईचा हात केसांवर थांबला. तिने मुलीचा चेहरा दोन्ही हातांनी वर केला आणि नीट बघितला. चेहरा खरंच उतरलेला होता, पायांवर चालून चालून आलेले फोड सँडलमधून दिसत होते. आईला भरून आलं. आणि भरून आलं की आईच्या तोंडून जे निघतं, जे तिच्या आईच्या तोंडून निघायचं, ते निघालं.

"आधीच तुझे एवढे हाल," ती म्हणाली, "त्यात माझी कुठे भर घालतेस. मी आपली चार दिवस राहते, तुझं बस्तान बघते, आणि जाते परत."

परत जायला आता गल्ली नव्हती. सोमवारी तिथे बुलडोझर येऊन गेला होता, आईनेच फोटो पाठवला होता. दोघींना ते ठाऊक होतं. शाओशिंगमध्ये यावर मुलगी चिडते, काहीतरीच काय बोलतेस म्हणते, हवं तर रडते, आणि मग आई म्हणते, बघू. एवढंच असतं ते. यीनानने दात आवळले. हे उत्तर द्यायचंच नाही, तोंड उघडायचंच नाही, असं तिने ठरवलं आणि श्वास कोंडून धरला. आई उत्तराची वाट बघत होती. यीनानचा चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला, आणि शेवटी श्वास सोडायला तोंड उघडलं.

"बरं," ती म्हणाली.

चाकांची खुर्ची आपली आपण वळली. यीनानने दांडी धरायला हात टाकला तर दांडी तिच्या बोटांपासून वीतभर पुढे होती, आणि ती धावली तरी तेवढीच पुढे राहिली. खुर्ची घाईत नव्हती. बाहेर येणाऱ्या माणसांमधून वाट काढत ती निघाली, माणसं बाजूला होत होती, "माफ करा" म्हणत होती. काचेचं दार, जे आतूनच उघडायचं, ते बाहेरून उघडलं. निळा फुगा चौकटीला एकदा अडला आणि आत गेला.

यीनान ओरडली. काचेवर तिने दोन्ही हात आपटले. पण ओरडण्यातला शब्द एकच होता, बरं, बरं, बरं, आणि तिकडे लांबच लांब होत चाललेल्या मार्गिकेत आई खुर्चीत मागे वळून बसली होती, छातीवर नंबर, मांडीवर ब्लँकेटं, आणि मुलीकडे बघून हसत होती. तिला कसलीच काळजी दिसत नव्हती. दुसऱ्यांदा विचारायला माणसं कधीकधी जरा वेळ घेतात.